खाली बसवलेल्या पोलोचं मागचं टायर घासत होतं, शेवटी फेंडर रोल करून घेतले – चिंचवडच्या डेंटिंगवाल्या मामांकडचा अनुभव

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव आणि नंबर इथे टाकत नाहीये. मामांनीच तसं सांगितलंय, एकटा माणूस आहे, हाताखाली दोन पोरं, आत्ताच्या गाड्याच उरकत नाहीत म्हणतात. चिंचवडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात आणि फेंडर रोल करायचं, म्हणजे चाकाच्या वरच्या पत्र्याची आतली कड रोलरने दुमडायचं मशीन त्यांच्याकडे आहे, एवढं पुरे. पण काम कसं झालं, किती पैसे गेले, काय आवडलं काय नाही आवडलं हे सगळं लिहितो कारण मी जेव्हा शोधत होतो तेव्हा मराठीत याच्यावर काहीच सापडलं नव्हतं.

गाडी फोक्सवॅगन पोलो, पेट्रोल, चाकणच्याच कारखान्यात बनलेली. कंपनीतून आली तेव्हा १८५/६० आर १५ टायर होते (म्हणजे १८५ मिमी रुंद, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के, १५ इंची रिमसाठी) आणि ६ इंच रुंदीचं रिम, ऑफसेट ४० (रिमच्या मध्यापासून बोल्टची जागा किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते; आकडा कमी तर चाक जास्त बाहेर). मी काय केलं तर ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या आणि सोबत १६ इंची अलॉय घेतले, ७ इंच रुंद, ऑफसेट ३५, त्यावर २०५/५० आर १६ टायर. दुकानवाला म्हणाला बसतात, काही होत नाही. बसले पण. गाडी उभी असताना बघत राहावं अशी दिसायची. एकट्याने चालवली तर काही आवाज नाही काही नाही, म्हणून मीही दोन महिने खुशीत होतो.

मग कराडला लग्न होतं. मागे आई, मावशी आणि मावसभाऊ, पुढे मी आणि बाबा, डिकीत बॅगा आणि आहेराची भांडी. नवले पुलाच्या पुढे निघालो आणि रस्त्यात जिथे जिथे पुलाचा जोड येईल तिथे मागून घर्र असा आवाज. आईला वाटलं डिकीत काहीतरी सरकतंय. खंबाटकीचा घाट चढताना प्रत्येक वळणाला घर्र, आणि वर जाऊन थांबलो तर मागच्या डाव्या टायरला हात लावून बघितलं, खांद्याच्या कडेला एक सरळ रेघ कापल्यासारखी होती आणि रबर जळाल्याचा वास येत होता. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं माझ्याकडे. तिथून कराडपर्यंत ५० च्या वर गेलो नाही. येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर तो उतार आणि वळण आहे ना, तिथे तर माझा जीव मुठीत होता, मागे आईच बसलेली. टायर कापून कापून आतली दोरी दिसायला लागली आणि वेगात फुटला तर काय होईल हा विचार एकदा डोक्यात आला की जात नाही.

घासतं कुठे ते आधी समजून घ्या. चाकाच्या वर जो पत्र्याचा गोल असतो त्याची कड आतल्या बाजूला काटकोनात वळवलेली असते, ती साधारण १०-१२ मिमी आत येते. बाहेरून दिसत नाही, पण खालून बोट फिरवलं की लागते. पुढच्या फेंडरला तो एकच पत्रा असतो आणि फेंडर बोल्टवर बसवलेला असतो, खराब झालाच तर काढून दुसरा टाकता येतो. मागे तसं नाही. मागे बाहेरचा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा बॉडीचा पत्रा, आणि आतला चाकाच्या घराचा पत्रा असे दोन पत्रे त्या कडेवर एकत्र येतात, स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं आणि वर पाणी आत जाऊ नये म्हणून सीलर भरलेला असतो. म्हणजे ती कड फालतू नाहीये, ती दोन पत्र्यांची शिवण आहे. गाडी खाली बसली की टायर वर जाताना आधी त्या कडेला भेटतो, आणि कड असते धारदार.

मी पहिल्यांदा घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथल्या माणसाने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला ग्राइंडर मारून कड उडवून टाकू, अर्ध्या तासात होईल, दोन हजार द्या. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. का थांबलो तर एका मित्राने सांगितलं की चिंचवडला एक मामा आहेत त्यांना एकदा दाखव मग कर काय करायचं ते. बरं झालं थांबलो. मामांच्या शेडमध्ये तेव्हा एक हॅचबॅक उभी होती, दोन पावसाळ्यांपूर्वी कुठेतरी अशीच कड कापून घेतलेली. शिवणच कापली त्यामुळे दोन पत्रे सुटे झाले, चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल थेट क्वार्टर पॅनलच्या आत जात राहिला आणि पॅनल आतून खाल्ला. बाहेरून रंगाला फोड आलेले, मामांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. मागच्या चाकाची कड कुणी कापतो म्हणाला तर गाडी घेऊन सरळ निघून या.

आता मामांचं काम. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही आणि एक रुपयाही घेतला नाही, आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडलं. गाडी शेडसमोर सपाट जागेत लावायला सांगितली, चारही टायरच्या खांद्यावर पांढऱ्या खडूने पट्टा ओढला, मागे दोन पोरं आणि स्वतः बसले आणि म्हणाले चला, त्या कॉर्नरपर्यंत जाऊन येऊ. तिथे तीन स्पीडब्रेकर आहेत, एकदम ढबुले. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्याच्यावर हळूच चढते आणि उतरते, आपल्याकडे एमआयडीसीत आणि सोसायटीत नुसते डांबराचे ढिगारे असतात आणि खाली बसवलेल्या गाडीची वाट तिथेच लागते. परत येऊन बघितलं तर मागच्या दोन्ही टायरचा खडू बाहेरच्या कडेने पुसला गेलेला, डावीकडे जास्त. पुढच्याला वरच्या बाजूला काही नाही, फक्त फुल स्टिअरिंग वळवल्यावर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला थोडासा डाग.

मग त्यांनी रिमच्या मागचे आकडे वाचले आणि एका पुठ्ठ्यावर हिशोब मांडून दाखवला. जुनं रिम ६ इंच आणि ऑफसेट ४०, नवीन ७ इंच आणि ऑफसेट ३५. एक इंच रुंदी वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा इंच, १२.७ मिमी. वरून ऑफसेट ५ ने कमी म्हणजे अख्खं चाक आणखी ५ मिमी बाहेर. म्हणजे रिमची बाहेरची कड जवळपास १८ मिमी बाहेर आली. टायर बघितलं तर १८५ चं २०५ झालं, प्रत्येक बाजूला १० आणि वर ऑफसेटचे ५, एकूण १५ मिमी बाहेर. शिवाय २०५/५० आर १६ ची उंची ६११ मिमी होते आणि जुन्याची ६०३, म्हणजे टायर वरच्या बाजूलाही ४ मिमी मोठं. आणि एवढं सगळं करून गाडी ३५ मिमी खाली. "साहेब, कड दुमडून मी तुम्हाला फार तर आठ-नऊ मिमी जागा करून देईन. पंधरा कुठून आणू?" हे त्यांचे शब्द. मला हा हिशोब रिम विकणाऱ्याने सांगायला पाहिजे होता.

त्यांचं म्हणणं असं की रोलिंग हे शेवटचं काम आहे. आधी टायर बघा, मग स्प्रिंगचा स्टॉपर (चाक वर किती जाईल ते अडवणारा रबर) बघा, मग उरलेलं पत्र्याकडून घ्या. २०५/५० काढून १९५/५० आर १६ टाका म्हणाले, उंची ६०१ होईल म्हणजे कंपनीच्या जवळपास, मीटरही बरोबर दाखवेल, आणि बाहेरच्या बाजूला ५ मिमी आणि वर ५ मिमी अशी जागा फुकटात मिळेल. मी विचारलं की नाहीतर फेंडर बाहेर ओढून मोठा करता येतो ना, मी व्हिडिओत बघितलंय. येतो, पण त्यात पत्रा ताणला जातो, क्वार्टर पॅनलला लाट येते, रंग शंभर टक्के जातो आणि बंपरचा जोड परत बसत नाही, रोजच्या गाडीला ते करू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढचे फेंडर तर रोल करायला त्यांनी नकारच दिला. पुढे घासतच नाही तर कशाला रंगाला हात लावायचा, उद्या लागला तर बघू. चारी फेंडर केले असते तर त्यांना दुप्पट पैसे मिळाले असते आणि मी द्यायला तयार होतो, तरी नाही म्हणाले.

जुने टायर जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेले होते. डावा कापलेला असल्यामुळे तो कुणाला विकायची माझी हिंमत झाली नाही, बाकीचे तीन निम्म्या भावात गेले. जीव हळहळला पण काय करणार. १९५/५० मिळायला दोन आठवडे लागले, सगळीकडे नसतात, आधी मागवावे लागतात. नवीन टायर टाकल्यावर परत खडूची टेस्ट केली, एकटा असताना अजिबात नाही, मागे दोघं असतील तर नाही, तिघं आणि सामान असेल तर मोठ्या खड्ड्यात अजून लागायचं. म्हणजे आता खरंच तेवढे पाच-सात मिमीच हवे होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी २ ला बोलावलं. सकाळी का नको तर थंडीत रंग कडक असतो, तडकतो. येताना चाकाच्या आतून जेट मारून गाडी धुऊन आणायला सांगितलेलं, ते मी केलं होतं, तरी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडेच्या मागे फिरवलं तर मूठभर वाळलेला चिखल निघाला. हा चिखल तसाच ठेवून कड दुमडली तर तो कायमचा आत बंद होतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणजे गंज ठरलेला. त्यांनी ब्रशने घासलं, हवा मारली, फडक्याने पुसलं, याच्यातच पाऊण तास गेला.

मग लोहचुंबक. एक छोटा चुंबक कापडात गुंडाळून त्यांनी दोन्ही क्वार्टर पॅनलच्या कडेने फिरवला. उजवीकडे गच्च धरत होता, डावीकडे कडेच्या वर वीतभर जागेत सैल. "इथे आधी काम झालंय." खरंच झालेलं, तीन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये एक बाईक घासली होती आणि इन्शुरन्समधून पेंट केलं होतं. म्हणजे खाली पुट्टी आहे. पुट्टी पत्र्यासारखी वाकत नाही, फुटते. मामांनी सांगितलं की इथे केसासारखी चीर पडू शकते, बाहेर दिसणार नाही असं करायचा प्रयत्न करतो पण शब्द देत नाही, चालत असेल तर हो म्हणा. मी हो म्हणालो. हे आधी सांगितलं याला माझ्या लेखी फार किंमत आहे, नंतर चीर दाखवून पुट्टीचं कारण दिलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

गाडी जॅकने उचलून खाली घोडी लावली, नुसत्या जॅकवर काम करत नाहीत. चाक काढलं, लायनरचे आणि बंपरच्या टोकाचे स्क्रू काढले. मशीन म्हणजे काय तर एक जाड लोखंडी पट्टी हबला (चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाला) बोल्टने बसते, तिच्यातून एक हात बाहेर येतो, तो लांब-आखूड करता येतो, आणि टोकाला नायलॉनचा जाड रोलर, त्याचा कोन बदलता येतो. पोलोला नट नसतात, बोल्ट असतात, १०० मिमीच्या वर्तुळात ५ बोल्ट, त्यामुळे गाडीचेच बोल्ट वापरून पट्टी मागच्या ड्रमवर बसवली. चाक लटकत असताना हब खाली गेलेला असतो म्हणून रोलरचा गोल आणि फेंडरचा गोल जुळत नाही, हे मला माहीत नव्हतं, तर त्यांनी दुसरा जॅक हबखाली लावून तो थोडा वर आणला आणि मग हात फिरवून बघितला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोलर सारखा टेकतोय का.

मग हीट गन. बाहेरच्या कडेला मास्किंग टेप लावली आणि एका पोराने आतून-बाहेरून हीट गन फिरवत ठेवली, एका जागी थांबायचं नाही, बंपरच्या जवळ तर अजिबात नाही कारण प्लास्टिक वाकडं होतं. मामांकडे ते बंदुकीसारखं थर्मामीटर आहे, ६०-६५ दाखवायला लागलं की रोलर सुरू. पहिल्या फेरीला रोलर कडेला नुसता तिरका टेकवून इकडून तिकडे, तिकडून इकडे, हळू, दोन्ही हातांनी. पाच-सहा वेळा फिरवलं की मशीनचा हात पाव आटा बाहेर, परत गरम, परत फिरवायचं. मी मोबाईलमध्ये वेळ बघत होतो, उजव्या एका बाजूला सव्वा तास लागला. बघायला कंटाळवाणं काम आहे पण मी एकदाही बाहेर गेलो नाही, कारण कड कधी वाकली ते डोळ्याला कळतच नाही, आणि एकदम बोट लावून बघावं तर काटकोन गेलेला असतो आणि तिथे गुळगुळीत उतार. बाहेरून रेष जशीच्या तशी. मी दहा वेळा डोकं पॅनलला टेकवून ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं, कुठे लाट नाही.

पूर्ण सपाट चिकटवली नाही त्यांनी, थोडी फट ठेवली. कारण विचारलं तर म्हणाले दोन पत्रे आणि सीलर मिळून तशीही अडीच-तीन मिमी जाडी उरतेच, त्याच्यावर जास्त दाबलं तर शिवणीतला सीलर फुटतो आणि मी कापली काय नि दाबून फोडली काय, पाणी जायचंच. शेवटी मोजलं तेव्हा उजवीकडे ८ मिमी आणि डावीकडे ७ मिमी जागा मिळाली.

डावीकडे जी भीती होती तेच झालं. तिसऱ्या की चौथ्या फेरीला बारीक टक् असा आवाज आला आणि कडेच्या अगदी खालच्या बाजूला साधारण दोन इंचाची चीर पडली. मामांनी लगेच थांबवलं, मला खाली बसवून टॉर्चने दाखवलं. बाहेरून उभ्याने दिसत नाही, जमिनीवर बसून वर बघितलं तर दिसते. पुढचं काम त्यांनी आणखी हळू केलं, चीर वाढली नाही. मग तेवढा भाग घासून पत्र्यापर्यंत उघडा केला, इपॉक्सी प्रायमर, वर टचअपचा रंग, आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्या कडेला आतून नवीन सीलर आणि त्यावर अंडरबॉडी कोटिंग. उजवीकडे चीर नव्हती तरी तिकडेही सीलर भरला कारण डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतातच आणि आपल्याकडचा पाऊस चार महिने असतो.

आणखी एक गोष्ट, मला वाटतं खूप जणांची इथेच फसगत होत असेल. फेंडर आणि मागचा बंपर जिथे जुळतात तिथे आतल्या बाजूला बंपरचा एक कान आणि त्याचा स्क्रू असतो. कड कितीही दुमडा, तो स्क्रू तसाच बाहेर आलेला राहतो आणि टायर मग त्याला लागतो, तेही स्क्रूचं डोकं म्हणजे आणखी वाईट. मामांनी तो कान थोडा तासला आणि चपट्या डोक्याचा स्क्रू टाकला. परत खडू, परत तीन माणसं मागे, परत तेच तीन स्पीडब्रेकर, त्यातला मधला मी मुद्दाम जरा जोरात घेतला. खडू शाबूत. दोन्ही बाजूंना. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही, दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा आरसा न बघता स्पीडब्रेकरवरून गेलो.

पैसे म्हणाल तर एका फेंडरचे १,८०० प्रमाणे ३,६०० आणि टचअप, सीलर, कोटिंगचे ६००, एकूण ४,२०० रुपये. सुरुवातीची तपासणी आणि हिशोब फुकट. माझ्या मते काम बघता हे पैसे अजिबात जास्त नाहीत.

आता जे आवडलं नाही ते. तीन तास सांगितले होते आणि सहा लागले, रात्री ८ ला बाहेर पडलो. मध्ये दोन वेळा दुसरी गिऱ्हाइकं आली आणि मामा उठून त्यांच्याशी बोलायला गेले, तेवढ्यात पत्रा गार झाला आणि परत पहिल्यापासून गरम करावा लागला. बसायला जागा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची आणि त्याच्यावर पेंटचे डबे. पक्कं बिल मिळत नाही, साध्या पावतीबुकावर हाताने लिहून देतात. फोन उचलत नाहीत, सरळ जाऊनच भेटावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाकांचे बोल्ट पोराने हवेच्या गनने आवळले, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) वापरला नाही. एवढं बारीक काम करणाऱ्या ठिकाणी हे मला खटकलं आणि मी मामांना तसं बोललोही, ते म्हणाले बरोबर आहे तुमचं, पाना घ्यायचाय. पोलोला १२० न्यूटन मीटर लागतो, मी घरी येऊन सगळे बोल्ट सैल करून परत बरोबर आवळले, आणि ५० किलोमीटरनंतर परत एकदा तपासले. तुम्ही कुठेही चाक काढून घेतलं तरी हे करा.

काही जण विचारतील की मशीन ऑनलाइन मिळतं, स्वतः का नाही केलं. मिळतं, आणि मीही कार्टमध्ये टाकून ठेवलं होतं. पण माझ्या एका मित्राने अशाच उसन्या मशीनने घरी पार्किंगमध्ये त्याच्या होंडा सिटीचे पुढचे फेंडर केले, हीट गन नव्हती म्हणून केस वाळवायचा ड्रायर वापरला आणि घाईत दोन फेऱ्यांतच दाबलं, तर फेंडरला बाहेरून लाट आली, उन्हात उभी केली की लगेच दिसते. पुढचा फेंडर होता म्हणून बदलता तरी येईल. मागचा असता तर क्वार्टर पॅनल, तो कापून वेल्डिंग करावं लागतं. आणि टायर आणि फेंडरच्या मध्ये बॅट किंवा दांडका घालून गाडी पुढे-मागे ढकलायची ती जी पद्धत दाखवतात ती तर रंग असलेल्या रोजच्या गाडीवर करूच नका, दाब कुठे किती पडतोय त्यावर आपला काहीच ताबा नसतो.

कायद्याचं पण थोडक्यात सांगतो कारण बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की कंपनीने दिलेली आणि आरसीवर असलेली माहिती बदलेल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच पक्कं केलंय. आतली कड दुमडल्याने आरसीवरचं काही बदलत नाही, पण स्प्रिंगा, रिम आणि टायर हे वेगळं बसवलंय हे इन्शुरन्सवाल्यांना मी लेखी कळवलंय, तुम्हीही कळवा, क्लेमच्या वेळी त्यांना नव्याने कळण्यापेक्षा बरं. आणि टायर फेंडरच्या बाहेर डोकावता कामा नये, पावसात मागच्या बाईकवाल्याच्या तोंडावर चिखल उडतो, ते बघवत नाही.

आज ऑगस्ट चालू आहे. सहा महिने झाले, गाडी साडेचार हजार किलोमीटर चालली. मे मध्ये परत कराडला जाऊन आलो, तीच पाच माणसं, या वेळी आंब्याच्या पेट्याही होत्या. खंबाटकी चढताना मी मुद्दाम गाणी बंद केली आणि कान देऊन ऐकत होतो, काही नाही. आई म्हणाली तो मागचा आवाज गेला वाटतं. टायरचे खांदे स्वच्छ आहेत. जुलैत ताम्हिणीला भर पावसात गेलो होतो, आल्यावर चाकं काढून टॉर्च मारून दोन्ही कडा बघितल्या, डाव्या बाजूच्या त्या चिरेवर रंग धरून आहे, गंजाचा लाल डाग नाही. कोटिंग एका ठिकाणी खड्यांनी उडालंय, नाण्याएवढं, ते मी स्वतः लावलं.

पुढचं तेवढं राहिलंय. सोसायटीत रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की उजवं टायर लायनरला अजून हलकंसं लागतं. मामांना दाखवून आलो, ते म्हणाले पत्र्याला हात लावायचा नाही, लायनर गरम करून एक सेंटीमीटर आत दाबून देतो, पण गणपतीनंतर या, आत्ता सगळ्या मंडळांचे टेम्पो रंगवायला आलेत.